जलीय आणि सागरी जीवशास्त्राची पदवी : अभ्यासक्रमाच्या निवडीपासून प्रबंधापर्यंत

सागरी जीवशास्त्र शिकावे असे ज्यांना वाटते, त्यांच्या मनात बहुधा देवमासे, कासवे किंवा प्रवाळ असतात. ती ओढ खरी असते आणि ती जपायलाही हवी. मात्र पदवीची तीन-चार वर्षे ज्या कामात जातात ते काम बरेच वेगळे आहे. पाण्याचे तापमान, लवणता आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणे, एक मिलिमीटरहून लहान जीव सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे, चिखलात उभे राहून नमुने गोळा करणे आणि मग त्या सगळ्याची आकडेवारी मांडून तिच्यातून काय निष्पन्न होते ते शोधणे, असे त्याचे स्वरूप असते. या लेखात अभ्यासक्रमाची निवड, प्रवेशापूर्वीची तयारी, वर्गातला व पाण्याकाठचा अभ्यास आणि शेवटचा प्रबंध या क्रमाने मार्गदर्शन केले आहे. त्यामागे माझा आग्रह एकच आहे : आधी पाणी समजून घ्यावे, म्हणजे त्यातले जीव तसे का आहेत आणि तिथेच का आहेत याचा उलगडा आपोआप होऊ लागतो.

विषयाची हद्द ओळखणे

अर्ज भरण्यापूर्वी चार शेजारी विषयांतला फरक स्पष्ट करून घ्यावा, कारण त्यांची नावे सारखी वाटली तरी शिक्षण वेगळे असते. सागरी जीवशास्त्रात समुद्रातील जीव केंद्रस्थानी असतात. समुद्रविज्ञानात प्रवाह, लाटा, समुद्रतळ आणि पाण्याचे रसायन यांना प्राधान्य मिळते व गणित पुष्कळ लागते. मत्स्यविज्ञानाचा भर माशांचे साठे, मासेमारी आणि मत्स्यशेती यांवर असतो, तर सरोवरशास्त्र तलाव, नद्या आणि दलदलींचा अभ्यास करते. ‘जलीय आणि सागरी’ असे नाव असलेल्या पदवीत गोडे, मचूळ आणि खारे अशा तिन्ही प्रकारच्या पाण्यांचा समावेश असतो आणि माझ्या मते हाच तिचा मोठा गुण आहे.

गोड्या पाण्याला दुय्यम समजण्याची चूक पुष्कळ विद्यार्थी करतात. नद्या आणि तलावांनी पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापलेला असला, तरी माशांच्या ज्ञात जातींपैकी जवळपास निम्म्या जाती गोड्या पाण्यात राहतात. शिवाय तलावाला काठ असतो, त्यामुळे संपूर्ण परिसंस्थेवर प्रयोग करणे तिथे शक्य होते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९६८ साली प्रायोगिक तलावांचे एक क्षेत्र राखून ठेवण्यात आले. तिथल्या २२६ क्रमांकाच्या तलावाचे १९७३ मध्ये पडदा टाकून दोन भाग करण्यात आले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन, तर दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही सोडण्यात आला. फॉस्फरस मिळालेला भाग शैवालाने हिरवागार झाला आणि दुसरा तसाच राहिला. डेव्हिड शिंडलर यांच्या चमूचा हा प्रयोग तलावांच्या अतिपोषणाचे, म्हणजे पोषकद्रव्ये वाढून शैवाल माजण्याचे कारण शोधण्यात निर्णायक ठरला. इतका स्वच्छ पुरावा खुल्या समुद्रात मिळवणे फार अवघड आहे.

प्रवेशापूर्वीची तयारी

शालेय पातळीवर जीवशास्त्र हवेच. त्याच्याइतकेच रसायनशास्त्र आणि गणितही हवे. भौतिकशास्त्र सोडून देण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याचे कारण एका उदाहरणावरून लक्षात येईल. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते आणि त्यात ऑक्सिजन अगदी थोडा विरघळतो. शून्य अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे निम्माच. पाणी तापले की माशाच्या शरीरातील चयापचय वाढतो व त्याची ऑक्सिजनची गरजही वाढते. नेमका त्याच वेळी पाण्यातला साठा घटतो. हा दुहेरी ताण समजायला तिन्ही शास्त्रे एकाच वेळी लागतात आणि पदवीच्या अभ्यासात असे प्रसंग वारंवार येतात.

प्रवेशाला अवकाश असेल तर जवळच्या एखाद्या तळ्याची किंवा ओढ्याची नियमित नोंद ठेवायला सुरुवात करावी. एक थर्मामीटर, एक वही आणि एक सेक्की तबकडी एवढी सामग्री पुरते. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी वापरलेली ही साधी तबकडी आजही वापरात आहे. तलावांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चौथाईंची तबकडी खुणा केलेल्या दोरीला वजनासह बांधून खाली सोडायची, ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची, मग वर ओढताना ती पुन्हा दिसू लागते ती खोली लिहायची आणि दोहोंची सरासरी घ्यायची. दर आठवड्याला, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी हे मोजमाप केले, तर वर्षभरात ऋतूंनुसार पाणी कसे बदलते ते आपल्याच आकड्यांतून दिसते. प्रवेशाच्या मुलाखतीत अशी वही प्रमाणपत्रांपेक्षा अधिक बोलते. पाण्याकाठी एकट्याने जाऊ नये आणि पोहणे येत नसेल तर ते याच काळात शिकून घ्यावे.

अभ्यासक्रम निवडताना काय पाहावे

माहितीपत्रकावरील निळ्याशार पाण्याची छायाचित्रे बाजूला ठेवून अभ्यासक्रम ओळीने वाचावा. पहिला प्रश्न असा की पदवी सुरुवातीपासून सागरी विषयाची घ्यावी, की आधी सर्वसाधारण जीवशास्त्राची घेऊन पदव्युत्तर पातळीवर या विषयाकडे वळावे. दोन्ही वाटा योग्य आहेत. प्राणिशास्त्र, परिस्थितिकी आणि संख्याशास्त्र भक्कम शिकवणारी सर्वसाधारण पदवी ही केवळ नावात ‘सागरी’ असलेल्या दुबळ्या पदवीपेक्षा नक्कीच बरी. विशेष पदवीला खरा अर्थ येतो तो विद्यापीठाकडे पाण्याकाठचे स्वतःचे किंवा हक्काने वापरता येणारे संशोधन केंद्र असेल तेव्हा.

अशा केंद्रांची परंपरा जुनी आहे. अँटोन डोर्न यांनी १८७२ मध्ये नेपल्स येथे प्राणिशास्त्रीय केंद्राची स्थापना केली आणि तिथली कामाची टेबले वेगवेगळ्या विद्यापीठांना व सरकारांना भाड्याने देण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे कोणत्याही देशाच्या संशोधकाला जिवंत सागरी प्राण्यांवर काम करता येऊ लागले. अमेरिकेत वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा १८८८ मध्ये सुरू झाली. आपण निवडत असलेल्या विद्यापीठाच्या केंद्राबद्दल मात्र इतिहासाऐवजी रोजच्या व्यवहाराचे प्रश्न विचारावेत. टाक्यांमध्ये समुद्राचे पाणी सतत खेळते असते का? पदवीच्या विद्यार्थ्यांना तिथे स्वतः काम करू देतात, की फक्त फिरवून आणतात? बोटीवर प्रत्यक्ष किती दिवस मिळतात? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मिळतात, म्हणून त्यांच्याशी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

श्रेयांक पाहणे हा तुलनेचा आणखी एक चांगला मार्ग आहे. युरोपीय पद्धतीत तीन वर्षांची पदवी साधारणतः १८० श्रेयांकांची असते आणि एका श्रेयांकासाठी २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. त्यातील किती श्रेयांक क्षेत्रकार्याला, किती संख्याशास्त्राला आणि किती प्रबंधाला दिले आहेत हे मोजले, की कोणत्या विद्यापीठाला कशाचे महत्त्व वाटते ते उघड होते. इतर पद्धतींतही असाच हिशेब करता येतो. जीवांची ओळख पटवण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे का, हेही जरूर पाहावे. अनेक ठिकाणी तो वगळला जातो आणि त्याची उणीव पुढे नोकरीत जाणवते. क्षेत्रभेटी, बूट, पोशाख आणि बोट यांचा खर्च शुल्कात धरलेला आहे की वेगळा, हे लेखी विचारून घ्यावे.

पहिले वर्ष : पाणी आणि अपृष्ठवंशी प्राणी

पहिल्या वर्षात भौतिक आणि रासायनिक भाग पुढे येतो आणि काहींचा हिरमोड होतो. वास्तविक विषयाचा पाया इथेच घातला जातो. समुद्राच्या पाण्यात किलोग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, दर १० मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो आणि प्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडेल असा उजेड अगदी स्वच्छ पाण्यातही वरच्या सुमारे २०० मीटरांपर्यंतच असतो, तर महासागराची सरासरी खोली ३,७०० मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे समुद्राचा बहुतेक भाग काळोखात आहे आणि तिथले जीवन वरून झिरपणाऱ्या अन्नावर चालते. या नियमाला मोठा अपवाद १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ सापडला. तिथल्या समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांभोवती रासायनिक ऊर्जेवर जगणाऱ्या जिवाणूंच्या आधाराने भरभराटलेले प्राणी दिसले.

पोषकद्रव्यांचा भाग विशेष लक्ष देऊन शिकावा. वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या पेशींत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे अणू सरासरी १०६ : १६ : १ या प्रमाणात असतात. आल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गुणोत्तर हाताशी असले, की एखाद्या पाण्यात कोणत्या द्रव्याची कमतरता आहे याचा पहिला अंदाज बांधता येतो. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून होणाऱ्या एकूण उत्पादनापैकी जवळपास निम्मे हे प्लवक करतात. त्यांच्यातील प्रोक्लोरोकॉकस हा जिवाणू महासागरात विपुल असूनही त्याचा शोध १९८० च्या दशकाच्या अखेरीस लागला, कारण तो एका मायक्रोमीटरहूनही लहान आहे.

याच वर्षात अपृष्ठवंशी प्राण्यांशी मैत्री जमवावी. शरीररचनेचे जे मूलभूत आराखडे निसर्गात आहेत त्यांतील बहुतेक समुद्रात सापडतात आणि तारामासे व सागरी अर्चिन यांचा संपूर्ण संघ तर केवळ समुद्रातच आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी भ्रमणध्वनीने छायाचित्र काढून मोकळे होऊ नये. पेन्सिलीने आकृती काढावी. आकृती काढताना पायांच्या जोड्या, स्पर्शिका आणि खंड मोजावेच लागतात, आणि ओळख पटते ती या मोजणीतूनच. जातीचे नाव लिहिण्यापूर्वी ते आजही ग्राह्य आहे का, हे सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीत तपासण्याची सवय लावून घ्यावी. ही नोंदवही इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहे.

क्षेत्रकार्य

या पदवीचा सर्वांत समृद्ध भाग हाच, आणि निष्काळजीपणाची सर्वांत मोठी किंमतही इथेच मोजावी लागते.

किनाऱ्यावर काम करायचे तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक वाचता यायला हवे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाणी सर्वांत दूर ओसरते आणि एरवी पाण्याखाली असलेला पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत तो दिसतही नाही. म्हणून महत्त्वाच्या पाहण्या उधाणाच्या दिवसांत ठेवाव्यात. पूर्ण ओहोटीच्या सुमारे दोन तास आधी काम सुरू करावे, उतरत्या पाण्यामागोमाग खाली जावे आणि पाणी वळले की वर सरकत यावे. वेळापत्रकातील वेळ स्थानिक आहे की जागतिक प्रमाणवेळ, हे आधी पाहावे. गटातील एकाने केवळ समुद्रावर लक्ष ठेवावे, परतीची वेळ आधीच ठरवावी आणि ती किनाऱ्यावरच्या एखाद्या व्यक्तीला सांगून ठेवावी.

नोंदी पेन्सिलीने, शक्यतो पाणी न शोषणाऱ्या कागदावर कराव्यात, कारण शाई फुटते आणि शिसे टिकते. प्रत्येक बाटलीत तारीख, वेळ, ठिकाण, खोली, वापरलेली पद्धत आणि जाळीच्या छिद्रांचा आकार लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. केवळ झाकणावर लिहिलेले पुरत नाही, कारण धुण्याच्या घाईत झाकणे बदलतात आणि मग ते नमुने कुठले हे सांगणे अशक्य होते. जाळीचा आकार न लिहिणे ही तर नेहमीची चूक आहे. प्राणिप्लवकांसाठी साधारण २०० मायक्रोमीटरची आणि वनस्पतिप्लवकांसाठी २० मायक्रोमीटरची जाळी वापरतात. यांपैकी कोणती वापरली हे ठाऊक नसेल तर आकड्यांना अर्थ उरत नाही. नमुना कशात टिकवायचा हे पुढील उपयोगावर ठरवावे. शरीररचना पाहायची असेल तर फॉर्मलिन चालते, परंतु त्याने डीएनए खराब होतो, त्यामुळे जनुकीय अभ्यासाचे नमुने इथेनॉलमध्ये ठेवतात. वनस्पतिप्लवकांसाठी लुगोल आयोडीन वापरतात. फॉर्मलिन आरोग्यास घातक असल्याने ते हातमोजे घालून आणि वायुवीजनाची सोय असलेल्या कपाटातच हाताळावे.

ठरावीक आकाराची चौकट टाकून तिच्यातील जीवांची मोजणी करताना ती चौकट डोळे मिटून फेकली म्हणजे निवड यादृच्छिक झाली, असा समज आढळतो. तसे होत नाही. दोरीने अक्ष आखून यादृच्छिक संख्यांवरून जागा ठरवावी. या साध्या साधनांची ताकद किती आहे ते दोन गाजलेल्या प्रयोगांवरून दिसते. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्याच्या दोन जातींचा अभ्यास केला. खडकाच्या खालच्या भागातील जात खरवडून काढली की वरची जात तिथेही तगून राहते, असे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. म्हणजे तिची खालची सीमा पाण्याने नव्हे तर स्पर्धेने ठरत होती. रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील एका पट्ट्यातून तारामासे सातत्याने काढून टाकले, तेव्हा शिंपल्यांनी जागा बळकावत नेली आणि तिथल्या जातींची संख्या १५ वरून ८ वर आली. जिच्यावर सगळ्या जीवसमूहाची घडी अवलंबून असते अशा ‘आधारशिला जाती’ची कल्पना या कामातून जन्मली. दोघांकडेही महागडी यंत्रे नव्हती; त्याच खडकाकडे पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी होती.

उलटलेला दगड होता तसा परत ठेवावा, गरजेपेक्षा एकही जीव अधिक गोळा करू नये आणि संरक्षित क्षेत्रात किंवा संरक्षित जातींवर काम करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना बूट आणि जाळी तपासून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरावी, अन्यथा उपद्रवी जाती आणि रोग आपल्याच हातून पसरतात.

पाण्याखाली बुडी मारण्याचे (डायव्हिंगचे) प्रशिक्षण ही या पदवीची अट नाही. अनेक सागरी जीवशास्त्रज्ञ आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाशी, संगणकाशी किंवा ओहोटीच्या पट्ट्यातच काम करतात. ज्यांना पाण्याखाली संशोधन करायचे आहे त्यांनी हौशी डायव्हिंगचा परवाना पुरेसा मानू नये. वैज्ञानिक डायव्हिंगचे नियम आणि प्रशिक्षण वेगळे असते. बोटीवर मळमळते म्हणूनही कुणी हा विषय सोडू नये.

संख्याशास्त्र आणि संगणक

संख्याशास्त्र पहिल्या वर्षापासून शिकावे आणि त्यासाठी ‘आर’ ही मोफत संगणकभाषा हाताळावी. सागरी नमुन्यांत शून्ये खूप असतात, जीव झुंडीने आढळतात आणि शेजारचे नमुने एकमेकांसारखे असतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकातील सोप्या चाचण्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

एक धोका पदवीच्या विद्यार्थ्यांना विशेष छळतो. समजा, एका प्रदूषित किनाऱ्यावर ३० चौकटी मोजल्या आणि एका स्वच्छ किनाऱ्यावर ३०. इथे प्रदूषणाच्या परिणामाचे ३० स्वतंत्र पुरावे मिळालेले नाहीत. प्रत्येक प्रकारचा एकच किनारा पाहिला आहे आणि दोन किनाऱ्यांतला फरक लाटांमुळे किंवा खडकाच्या प्रकारामुळेही असू शकतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषाला ‘आभासी पुनरावृत्ती’ या अर्थाचे नाव दिले. उपाय म्हणजे दोन्ही प्रकारचे अनेक किनारे निवडणे, आणि हे नमुने गोळा करण्याआधीच ठरवावे लागते. मागाहून कोणतेही गणित ही उणीव भरून काढू शकत नाही.

प्रबंध

प्रबंधाचा प्रश्न लहान निवडावा. ‘हवामानबदलाचा सागरी जीवनावर परिणाम’ हा विषय एका विद्यार्थ्याच्या हाती लागणारा नाही. ‘एका किनाऱ्यावरील गोगलगायींचा आकार भरतीरेषेपासूनच्या उंचीनुसार बदलतो का’ हा आहे. मुख्य कामापूर्वी दोन-तीन दिवसांची छोटी चाचणी घ्यावी. एका चौकटीला किती वेळ लागतो हे तिच्यातून कळते आणि आराखडा वास्तवात येतो. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या कीर्तीपेक्षा ते भेटीसाठी किती उपलब्ध असतात हे पाहावे.

खराब हवामानामुळे नमुने मिळाले नाहीत तर काय, याचा पर्यायही आधीच ठरवावा. आधीपासून जमलेली आकडेवारी हा उत्तम पर्याय आहे. ॲलिस्टर हार्डी यांनी तयार केलेले सतत प्लवकनोंद करणारे उपकरण १९३१ पासून व्यापारी जहाजांमागे ओढले जात आहे आणि त्यातून मिळालेली मालिका जगातील सर्वांत दीर्घ सागरी नोंदींपैकी एक आहे. अशा मालिकांवर केलेले काम किनाऱ्यावरच्या कामाहून कमी दर्जाचे मानण्याचे कारण नाही. अपेक्षित परिणाम दिसला नाही तरी तो निष्कर्ष तसाच लिहावा; परीक्षक मांडणीची सचोटी पाहतात.

पदवीनंतर

देवमासे आणि डॉल्फिन यांवरील नोकऱ्या थोड्या आणि इच्छुक फार, हे आधीच माहीत असलेले बरे. तुलनेने अधिक काम पाण्याची गुणवत्ता तपासणे, तळाच्या जीवांची ओळख पटवून पर्यावरणीय अहवाल तयार करणे, मत्स्यसाठ्यांचे मूल्यमापन, मत्स्यशेती, मत्स्यालये आणि आकडेवारीचे विश्लेषण या क्षेत्रांत आहे. वैद्यकीय संशोधनाकडेही वाट जाते. चेतापेशींतील विद्युतसंदेशांचे रहस्य स्क्विडच्या जाड तंतूंवरील प्रयोगांतून उलगडले आणि त्यासाठी हॉजकिन व हक्स्ली यांना १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जेलीफिशमधून वेगळे काढलेल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाच्या शोधासाठी ओसामु शिमोमुरा यांना २००८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

संशोधनात जायचे असेल तर पदव्युत्तर पदवीसाठी संबंधित संशोधकाला प्रवेशाच्या मुदतीच्या पुष्कळ आधी पत्र लिहावे. पत्र अर्ध्या पानाहून मोठे नसावे. त्यात त्यांच्या नेमक्या कोणत्या शोधनिबंधातून प्रश्न सुचला, आपण प्रबंधात कोणती पद्धत वापरली आणि कोणत्या प्राणिगटाची ओळख आपल्याला खात्रीने पटवता येते, या तीन गोष्टी असाव्यात, आणि सोबत प्रबंधाचा एका पानाचा गोषवारा जोडावा. दोन-तीन आठवडे उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे आठवण करावी आणि तोवर दुसऱ्या संशोधकाचे निबंध वाचायला घ्यावेत.